अक्षरांचा खो-खो

भाषा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे व्याकरणाचे पुस्तक, शुद्धलेखनाचे नियम आणि वहीवरच्या लाल शाईच्या खुणा उभ्या राहतात. परंतु याच भाषेशी आपण दिवसभर खेळतही असतो. स्नेहसंमेलनातील फिशपाँड घ्या, मित्राच्या नावाची केलेली मोडतोड घ्या, मोठ्यांना कळू नये म्हणून पोरे बोलतात ती ‘च’ची भाषा घ्या, नाहीतर एस.टी.त बसल्याबसल्या दुकानांच्या पाट्या उलट वाचण्याचा चाळा घ्या. या साऱ्या खेळांत एक गोष्ट समान आहे. बाहेरून नवा शब्द आणावा लागत नाही. आहेत तीच अक्षरे आपापल्या जागा बदलतात. खो-खोमध्ये एकाने खो दिला की बसलेला गडी उठून धावतो आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो, तसाच हा प्रकार.

हा खेळ मुलांचा म्हणून आपण सोडून देतो. पण तो थोडा निरखून पाहिला तर त्यातून भाषेची घडण कळते, आणि कुणाच्या बोलण्याला हसावे व कुणाच्या हसू नये, हेही कळते.

जीभ घसरते तेव्हा

‘लांब काठी’ हे दोन शब्द घाईने म्हणताना जीभ घसरली तर तोंडातून निघते ‘कांब लाठी’. ‘कडू गोळी’चा होतो ‘गडू कोळी’. ‘गार पाणी’ मागायला गेलेला ‘पार गाणी’ मागून बसतो, आणि ‘बारा तास’ अभ्यास केल्याचे सांगणारा ‘तारा बास’ म्हणून मोकळा होतो. दोन्ही बाजूंना ओळखीचे शब्द निघाले की हसू अधिक येते. ‘गरम चहा’चा ‘चरम गहा’ झाला तर ती नुसती चूक वाटते. ‘गडू कोळी’ झाला की जणू दुसरीच गोष्ट सुरू होते. ‘ताजी भाजी’ची गंमत तर याहून वेगळी. तिची अदलाबदल केली की ‘भाजी ताजी’ होते आणि चूक झाली हे कुणाच्या लक्षातही येत नाही!

आता थोडे बारकाईने पाहा. ‘कडू गोळी’मध्ये ‘क’ आणि ‘ग’ यांनी जागा बदलल्या, पण ‘गो’चा ओकार कुठे गेला नाही. तो दुसऱ्या शब्दाच्या आरंभीच बसून राहिला आणि नव्याने आलेल्या ‘क’ला मिळाला. ‘लांब काठी’तला अनुस्वारही तसाच जागचा हलला नाही. म्हणजे धावतात ती व्यंजने. स्वर घर सांभाळून असतात. एकाच शब्दातही हे घडते. ‘गाजर’मधील ‘ग’ आणि ‘ज’ यांची अदलाबदल करा, काना जागच्या जागी ठेवा, की ‘जागर’ तयार.

या प्रकाराला इंग्रजीत एका प्राध्यापकाचे नाव चिकटले आहे. विल्यम आर्चिबाल्ड स्पूनर (१८४४–१९३०) हे ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात होते आणि १९०३ ते १९२४ या काळात ते त्या कॉलेजचे प्रमुख होते. ‘लव्हिंग शेपर्ड’ म्हणजे ‘प्रेमळ मेंढपाळ’ म्हणायच्या ऐवजी ते ‘शव्हिंग लेपर्ड’ म्हणजे ‘ढकलणारा बिबळ्या’ म्हणाले, अशी गोष्ट सांगतात. त्यांच्या नावावर खपणाऱ्या अशा बहुतेक गोष्टी विद्यार्थ्यांनी रचलेल्या होत्या. विद्यार्थी सगळीकडचे सारखेच! पण या प्रकाराला ‘स्पूनरिझम’ हे नाव पडले ते कायमचे.

विद्वानांनीही या घसरगुंडीकडे लक्ष दिले आहे. रुडॉल्फ मेरिंगर या भाषाशास्त्रज्ञाने कार्ल मेयर यांच्यासह बोलण्यातील चुकांचा मोठा संग्रह करून १८९५ मध्ये तो जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. पुढे अमेरिकेत व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी १९७०च्या सुमारास याच विषयावर महत्त्वाचे काम केले. त्यातून दिसले ते असे की चुकासुद्धा नियमाने होतात. शब्दाच्या आरंभीचा ध्वनी बहुधा दुसऱ्या शब्दाच्या आरंभीच्या ध्वनीशीच जागा बदलतो. व्यंजन व्यंजनाशी आणि स्वर स्वराशी बदलतो. आणि त्या भाषेत उच्चारता येणार नाही असा ध्वनिसमूह चुकूनही सहसा तयार होत नाही. याचा अर्थ, तोंड उघडण्यापूर्वीच पुढच्या दोनचार शब्दांचे ध्वनी मनात रांगेने उभे असतात. ‘लांब’ म्हणायच्या वेळी ‘काठी’चा ‘क’ आधीच तयार असतो. घाई झाली की तो रांग मोडून पुढे घुसतो, इतकेच.

‘च’ची भाषा

जीभ घसरते तेव्हा चूक होते. पोरे मात्र हीच गोष्ट मुद्दाम, नियम ठरवून करतात. ‘उद्या तास नाही’ हे वाक्य ‘च’च्या भाषेत ‘चद्याउ चसता चहीना’ असे होते. नियम अगदी सोपा आहे. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी न्यायचे आणि पुढे ‘च’ लावायचा. एकाक्षरी शब्दात न्यायला काही नसते, म्हणून ‘मी’चे नुसते ‘चमी’ होते. दहा वर्षांची मुलगी हे इतक्या झपाट्याने बोलते की ऐकणाऱ्याची मती गुंग व्हावी!

तिला व्याकरण कुणी शिकवलेले नसते. तरीही ‘उद्या’ची फोड ती बिनचूक ‘उ’ आणि ‘द्या’ अशी करते. ‘द’ आणि ‘या’ असे जोडाक्षराचे तुकडे कधी करीत नाही. आपल्या भाषेचे माप ‘अक्षर’ आहे, म्हणजे व्यंजन आणि त्यावरचा स्वर मिळून एक, हे तिला खेळता खेळता उमगलेले असते. कन्नडची लिपी दिसायला वेगळी असली तरी तिचेही माप हेच. इंग्रजीत मात्र ‘क’ वेगळा लिहायचा आणि ‘आ’ वेगळा, म्हणून तिकडचे खेळ वेगळ्या मापाने चालतात.

उलट वाचा

माप अक्षराचे असल्यामुळे उलट वाचण्याचा खेळ आपल्याकडे चांगला रंगतो. वाल्या कोळ्याची गोष्ट कुणाला ठाऊक नाही? ‘राम’ म्हणता येईना म्हणून तो ‘मरा मरा’ म्हणत बसला आणि ऐकणाऱ्याला ‘राम राम’ ऐकू येऊ लागले. येथे ‘रा’ आणि ‘म’ ही अक्षरे उलटली आहेत. ध्वनी उलटले असते तर ‘राम’चा ‘मार’ झाला असता आणि वाल्या होता तेथेच राहिला असता!

पुष्कळ शब्द उलटे केले की दुसराच शब्द समोर येतो. ‘लता’चा ‘ताल’, ‘तवा’ची ‘वात’, ‘सदा’चा ‘दास’, ‘वारा’चा ‘रावा’, ‘कान’चे ‘नका’. काही शब्द कुठूनही वाचा, तेच राहतात: नयन, नवीन, जहाज, कडक, मध्यम, नवजीवन, मलयालम. अशी वाक्येही तोंडोतोंडी चालत आली आहेत. ‘रामाला भाला मारा’ किंवा ‘ती होडी जाडी होती’ ही आपण लहानपणीच ऐकतो. ‘चिमा काय कामाची’ आणि ‘तो कवी डालडा विकतो’ यांत ऱ्हस्व-दीर्घाकडे थोडी डोळेझाक करावी लागते, पण खेळात तेवढे चालायचेच. स्वतः वाक्य करायचे असेल तर सोपी युक्ती अशी: एक शब्द घ्या, त्याचा उलटा शब्द शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवा. ‘हाच चहा’, ‘खास सखा’. झाले वाक्य!

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांकडेही अशा गोष्टींची वाण नाही. गदग हे गावच दोन्हीकडून सारखे. कन्नडमध्ये खिडकीला म्हणतात ‘किटकी’, तीही तशीच. संतकवी कनकदासांच्या नावातील ‘कनक’ तसाच, आणि तेनाली रामकृष्णाची प्रसिद्ध पदवी ‘विकटकवी’ही जवळजवळ तशीच, कन्नडमध्ये तिचा शेवट ऱ्हस्व असतो, म्हणून तिकडे ती तंतोतंत जमते. ‘कुबेरनिगेनिरबेकु’ हे त्यांचे एक वाक्य तर फारच नामी आहे. अर्थ असा की ‘कुबेराला काय असायला हवे?’ अक्षरे मोजून उलट वाचून पाहा, एकही ढळत नाही.

संस्कृत कवींनी याच खेळाचे शास्त्र केले. भारवीच्या ‘किरातार्जुनीय’ काव्याच्या पंधराव्या सर्गात उलटसुलट सारखे वाचता येणारे श्लोक आहेत. याहून कठीण प्रकार म्हणजे सरळ वाचले तर एक कथा आणि उलट वाचले तर दुसरी. सोळाव्या शतकातील दैवज्ञ सूर्य पंडितांच्या ‘रामकृष्णविलोमकाव्या’त सरळ वाचता रामाची आणि उलट वाचता कृष्णाची कथा येते. हे पंडित गोदावरीकाठच्या पार्थपूरचे, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीचे. आणि व्यवसायाने गणिती व ज्योतिषी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर त्यांची टीका आहे. आकड्यांशी खेळणारा माणूस अक्षरांशी खेळला यात नवल ते काय?

अक्षरे तीच, शब्द वेगळा

नुसते उलटे न करता अक्षरे हवी तशी मांडता आली तर खेळ आणखी वाढतो. ‘कमल’ची ‘कलम’ होते. ‘मगर’चा ‘म’ शेवटी नेला की ‘गरम’. ‘मालक’चा ‘क’ पुढे आणला की ‘कमाल’ आणि ‘पालक’चा आणला की ‘कपाल’. (परीक्षेच्या निकालानंतर पालक कपाळालाच हात लावतात, हा निव्वळ योगायोग!) आणि ‘वाचक’मधील ‘वा’ शेवटी गेला की होतो ‘चकवा’.

या चकव्याचा उपयोग शास्त्रज्ञांनीही केला आहे. शोध तर लागला, पण तो अजून पुरता तपासायचा आहे. मध्येच दुसऱ्याने श्रेय घेऊ नये. मग काय करायचे? शोधाचे वाक्य लिहायचे, त्यातील अक्षरे विस्कटायची आणि तो चुरा प्रसिद्ध करायचा. रॉबर्ट हूक यांनी १६७६ मध्ये असेच १४ अक्षरांचे कोडे छापले आणि १६७८ मध्ये ते सोडवून दाखवले: ‘उत् टेन्सिओ सिक् विस’, म्हणजे ‘जेवढी वाढ तेवढे बल’. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना स्प्रिंगच्या प्रयोगात भेटतो तो हूकचा नियम हाच.

गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून शनी पाहिला. त्याला तो तीन गोलांचा मिळून बनलेला वाटला, कारण कडी त्या दुर्बिणीत स्पष्ट दिसत नव्हती. ही बातमी त्याने अक्षरे विस्कटून धाडली. केपलरने ती अक्षरे जुळवली, पण त्याचे वाक्य निराळेच निघाले: मंगळाला दोन चंद्र आहेत, अशा अर्थाचे! उत्तर साफ चुकले होते. आणि १८७७ मध्ये असफ हॉल यांनी मंगळाचे चंद्र खरोखरच शोधून काढले. ते दोनच निघाले.

भाषेनेच मांडलेला डाव

येथवर माणसे भाषेशी कशी खेळतात ते पाहिले. आता भाषा स्वतः काय करते ते पाहू. ध्वनींनी जागा बदलणे ही गोष्ट आपल्या पूर्वसूरींना चांगली ठाऊक होती. यास्काने ‘निरुक्ता’त शब्दाच्या आरंभीचे आणि शेवटचे वर्ण उलटतात, असे सांगून उदाहरणे दिली आहेत. पतंजलीने ‘महाभाष्या’त ‘हिंस्’ धातूपासून ‘सिंह’ साधला आहे. आजचे विद्वान त्यांची प्रत्येक व्युत्पत्ती मान्य करतील असे नाही, पण तत्त्व त्यांनी ओळखले होते. ‘वर्णविपर्यय’ हे त्याचे शास्त्रीय नाव.

बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात अशा शब्दांची एक मालिकाच दिली आहे. ‘वाराणसी’मधील ‘र’ आणि ‘ण’ यांनी जागा बदलल्या व ‘वाणारसी’ झाली. त्यातूनच आपले ‘बनारस’. ‘अचलपुरा’त ‘च’ आणि ‘ल’ बदलून ‘अलचपुर’ झाले. वऱ्हाडातील एलिचपूर ते हेच. ‘ह्रद’ म्हणजे खोल पाणी. त्याचे ‘द्रह’ झाले आणि पुढे मराठीत ‘डोह’. ‘लघुक’चे आधी ‘लहुअ’, मग ‘हलुअ’, आणि शेवटी आपले ‘हळू’. ‘ललाट’ म्हणजे कपाळ. त्यातील ध्वनी हलून ‘णडाल’, ‘णिडाल’ अशी रूपे झाली आणि मराठीत ‘निढळ’ आला. निढळाचा घाम गाळणारा शेतकरी हा शब्द वापरतो तेव्हा तो असा फिरून आलेला असतो.

याच मालिकेत हेमचंद्र आणखी एक शब्द देतो. ‘महाराष्ट्र’ या शब्दात ‘ह’ आणि ‘र’ यांची अदलाबदल होऊन प्राकृतात ‘मरहट्ठ’ झाले. त्यातूनच पुढे ‘मराठा’ आणि ‘मराठी’! म्हणजे ज्या नावाने आपण आपली भाषा ओळखतो, ते नावच मुळी या खो-खोतून उठलेले आहे.

परकी भाषाही या खेळातून सुटत नाही. अरबीत टाळ्याला ‘कुफ्ल’ म्हणतात. मराठी जिभेवर ‘फ’ आणि ‘ल’ यांनी जागा बदलल्या, ‘फ’चा ‘प’ झाला आणि दाराला ‘कुलूप’ लागले. इंग्रजांनीही हेच केले. तीनला ते ‘थ्री’ म्हणतात, पण तिसऱ्याला ‘थर्ड’. जुन्या इंग्रजीत त्या शब्दातही ‘र’ आधीच होता. कधी दोन्ही रूपे शेजारी नांदतात. कागद ‘चिकटतो’ तसा ‘चिटकतो’ही. पाण्यात आपण ‘बुडी’ मारतो आणि ‘डुबकी’ही मारतो, मराठीत माणूस बुडतो, हिंदीत तो ‘डूबता’ है.

मग हसायचे कुणाला?

हे सारे सांगण्याचे कारण असे. महाविद्यालयात येणारी सगळी मुले एका घरची भाषा बोलत नाहीत. कुणाच्या घरी मराठी, शाळा कन्नड, कुणाचे उलट, कुणी खेड्यातून पहिल्यांदाच शहरात आलेला. त्यातला एखादा वक्तृत्वस्पर्धेत उभा राहतो आणि ‘पिकाचे नुस्कान झाले’ म्हणतो, किंवा वर्गात ‘डेस्क’ला ‘डेक्स’, ‘मतलब’ला ‘मतबल’ म्हणतो. मागच्या बाकांवरून हशा उठतो. तो कसेबसे भाषण संपवतो आणि पुन्हा म्हणून व्यासपीठावर चढत नाही. पुष्कळदा त्याला त्या विषयातले सगळ्यांपेक्षा अधिक कळत असते. नुकसान झालेले पीक कदाचित त्याच्याच शेतातले असते.

आता ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ आणि ‘कुफ्ल’चे ‘कुलूप’ ही दोन रूपे शेजारी ठेवून पाहा. घडण एकच आहे. फरक एवढाच की एक शब्द पुस्तकात शिरला आणि दुसरा अद्याप उंबऱ्याबाहेर आहे. ‘कुलूप’ म्हणणाऱ्याला आज कुणी अडाणी म्हणत नाही. ‘मराठी’ म्हणणाऱ्याला तर नाहीच नाही.

याचा अर्थ शुद्धलेखन गुंडाळून ठेवावे असा नव्हे. उत्तरपत्रिकेत आणि अर्जात ‘नुकसान’च लिहावे, कारण दूरच्या माणसालाही आपले लिहिणे कळायला हवे आणि त्यासाठी सर्वांनी एक रूप मानलेले बरे. पण तो सोयीसाठी केलेला करार आहे. त्यावरून माणसाची अक्कल मोजता येत नाही. ‘गडू कोळी’ला खुशाल हसावे, तेथे आपण शब्दाला हसतो आणि ज्याची जीभ घसरली तोही आपल्याबरोबर हसतो. ‘नुस्कान’ला हसतो तेव्हा आपण त्याच्या आईवडिलांच्या बोलीला हसत असतो, आणि त्यात तो सामील होऊ शकत नाही.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी असा एखादा शब्द कानावर पडला तर एक करा. खिशातल्या वहीत तो लिहून ठेवा. शेजारी बोलणाऱ्याचे गाव आणि पुस्तकातले रूपही लिहा. कन्नड विभागातील मित्रांकडूनही त्यांचे असे शब्द मागून घ्या. वर्षाअखेरीस शंभर शब्द सहज जमतील. हेमचंद्राच्या यादीत असे शब्द फार नाहीत. तरी आपल्या भाषेच्या नावाचा पत्ता आठशे वर्षांनंतरही आपल्याला तेथेच लागतो.